एका वस्तादाचे दोन पठ्ठे : ब्रायन ऑर्सर यांचं प्रकरण

"सर, ह्या दोघींना एकत्र ठेवू नका. माझीला सकाळी घ्या, तिला संध्याकाळी घ्या."

क्लास सुटल्यावर एका मुलीच्या आईनं मला गाठून हे सांगितलं. आवाजात राग नव्हता, काळजी होती. दोघी मुली एकाच वयोगटातल्या, उंचीही जवळपास सारखी, आणि दोघींची उडी एकाच जागी अडलेली. जिल्ह्याच्या स्पर्धेत पहिला नंबर या दोघींतूनच जाणार हे सगळ्या पालकांना ठाऊक होतं. त्यामुळं मी कुणाच्या पायाकडं किती वेळ बघतो, याचा हिशेब कठड्याबाहेर रोज मांडला जात होता.

मी कोल्हापुरात चाकांवरचं फिगर स्केटिंग शिकवतो. चार चाकांचे, पुढं रबरी टो-स्टॉप असलेले क्वाड स्केट आणि खाली गुळगुळीत फरशी. बर्फाची रिंक बघायची तर आम्हाला शिमला, डेहराडून नाहीतर गुरुग्राम गाठावं लागतं. उड्यांची नावं मात्र तीच आहेत, एज म्हणजे स्केटच्या कडेवर कलून धरायचा तोलही तोच, आणि पडल्यावर लागतंही तसंच.

त्या आईचं मी ऐकलं. दोन महिने दोघींच्या बॅच वेगळ्या ठेवल्या. वाटलं होतं, प्रत्येकीला माझा पूर्ण वेळ मिळेल, तुलना थांबेल, दोघी मोकळेपणानं खेळतील. झालं भलतंच. सकाळची मुलगी फिरकी तिसऱ्या फेरीवर सोडून द्यायला लागली, कारण पाच फेऱ्या करून दाखवणारं समोर कुणी नव्हतं. संध्याकाळची उडीच्या आधी अडखळू लागली. मागणी पालकांची होती, पण निर्णय माझा होता आणि तो चुकला होता.

आमचे तात्या, म्हणजे माझे थोरले चुलते, तरुणपणी तालमीत राहिलेले. त्यांना हे सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "जोड मोडलीस की रं तू."

कोल्हापुरात जोड म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. बरोबरीच्या ताकदीचा, रोज पहाटे आपल्याशी लढत करणारा तो जोडीदार. वस्ताद कितीही मोठा असो, जोड नसेल तर मल्लाचं अंग जड होतं. तात्यांच्या त्या वाक्यानंतर मी बर्फावरच्या फिगर स्केटिंगचे प्रशिक्षक ब्रायन ऑर्सर यांची सगळी कारकीर्द पुन्हा मुळापासून लावून बघितली. जगातल्या पहिल्या दोन क्रमांकाच्या स्पर्धकांना सहा-सात वर्षं एकाच बर्फावर शिकवणारा हा माणूस. आपल्या भाषेत, एकाच तालमीत दोन पठ्ठे, आणि दोघांनाही एकच गदा हवी.

आधी तो स्वतः

ऑर्सर कॅनडाचे, जन्म १९६१ चा. प्रशिक्षक डग ली. १९८१ ते १९८८ अशी सलग आठ वर्षं ते कॅनडाचे राष्ट्रीय विजेते होते. त्यांची ओळख म्हणजे तिप्पट ॲक्सेल. बाकी सगळ्या उड्या पाठमोऱ्या घेतल्या जातात. ॲक्सेल ही एकच उडी तोंड पुढं ठेवून घेतात आणि उतरतात मात्र पाठमोरं. म्हणून तिच्यात अर्धा वेढा जास्त पडतो. तिप्पट ॲक्सेल म्हणजे हवेत साडेतीन वेढे. ऑलिम्पिकमध्ये ही उडी पहिल्यांदा पूर्ण करून दाखवली ती ऑर्सर यांनी, १९८४ मध्ये सारायेवोला.

त्या सारायेवोतच त्यांचं सुवर्ण हुकलं. लघु फेरीत, म्हणजे छोट्या कार्यक्रमात, ते पहिले, मुक्त फेरीत, म्हणजे लांब कार्यक्रमातही पहिले, आणि तरी रौप्य. त्या काळी एकूण गुणांतले तीस टक्के सक्तीच्या आकृत्यांना असत. बर्फावर एका पायावर आठाच्या आकाराची वर्तुळं काढायची, मग त्याच रेघेवरून पुन्हा जायचं, आणि पंच खाली वाकून रेघा तपासणार. प्रेक्षकांना त्यात बघण्यासारखं काही नसे. ऑर्सर त्या आकृत्यांत सातवे आले आणि सुवर्ण अमेरिकेच्या स्कॉट हॅमिल्टनकडं गेलं. (या आकृत्या १९९० नंतर आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून गेल्या. माझ्या क्लासमध्ये मी त्या अजून ठेवल्या आहेत. खडूनं वर्तुळं आखतो आणि रोज दहा मिनिटं त्यांवरून चाकं फिरवून घेतो. मुलं कंटाळतात, पण घोट्याला तोल कळतो तो तिथंच.)

१९८७ मध्ये सिनसिनाटीला ऑर्सर विश्वविजेते झाले. पुढच्याच वर्षी ऑलिम्पिक त्यांच्या देशात, कॅलगरीला होतं. उद्घाटनाला कॅनडाचा झेंडा त्यांच्याच हातात होता. समोर अमेरिकेचा ब्रायन बोइटानो. नावं एकच, म्हणून वर्तमानपत्रांनी ही दोन ब्रायनांची झुंज केली. आकृत्यांत बोइटानो थोडा पुढं, लघु फेरीत ऑर्सर पुढं, म्हणजे सगळं शेवटच्या साडेचार मिनिटांवर आलं. बोइटानोनं आधी येऊन जवळजवळ निर्दोष कार्यक्रम केला. ऑर्सर यांची फ्लिप नावाची एक तिप्पट उडी उतरताना डगमगली, आणि शेवटाकडं जी दुसरी तिप्पट ॲक्सेल घ्यायची ती त्यांनी दुहेरीवर आणली. नऊ पंचांपैकी पाच बोइटानोच्या बाजूनं गेले, चार ऑर्सर यांच्या. घरच्या मैदानावर, झेंडा धरलेल्या माणसाचं सुवर्ण एका पंचानं गेलं.

हे मी इतकं लांबवून सांगतोय, कारण पुढचं सगळं मला यातूनच दिसतं. जो माणूस दोनदा दुसरा आला, एकदा आकृत्यांमुळं आणि एकदा एका पंचामुळं, त्याला हरलेल्याशेजारी कसं बसायचं हे कुणी शिकवावं लागत नाही.

मध्ये एक वळण

१९८८ नंतर ऑर्सर बराच काळ व्यावसायिक शो करत फिरले. प्रशिक्षक म्हणून ते स्थिरावले ते पंचेचाळिशीच्या सुमारास, टोरंटो क्रिकेट, स्केटिंग अँड कर्लिंग क्लबात. हे नाव आपल्याला परकं नाही. १९९६ ते १९९८ या काळात भारत-पाकिस्तान सहारा कप याच क्लबच्या मैदानावर झाला. १९९७ च्या मालिकेत सौरव गांगुलीनं पाकिस्तानला जेरीस आणलं, तेही इथंच. त्या हिरवळीशेजारच्या इमारतीत बर्फाची रिंक आहे.

इथं दक्षिण कोरियाची युना किम त्यांच्याकडं आली. २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिम्पिकमध्ये तिनं २२८.५६ गुणांचा विक्रम करत सुवर्ण जिंकलं. ऑर्सर यांना खेळाडू म्हणून जे मिळालं नव्हतं, ते शिष्येला मिळालं, आणि तेही कॅनडाच्याच भूमीवर. काही महिन्यांतच, ऑगस्टमध्ये, दोघांचं प्रशिक्षण संपलं. त्यामागची बाजू कुणाची खरी हे मी ठरवणार नाही. पण सुवर्णपदक मिळवून दिलं म्हणून पठ्ठा आपला राहतोच असं नाही, हे ऑर्सर यांना पहिल्याच मोठ्या यशात कळलं असणार.

दोघं एका बर्फावर

२०११ मध्ये माद्रिदचा हावियेर फर्नांडेझ टोरंटोला आला. स्पेनमध्ये या खेळाची परंपरा जवळजवळ नव्हती. कोल्हापुरातल्या मुलानं बर्फावर पदक आणावं, साधारण त्यातलाच प्रकार. पुढच्या वर्षी जपानहून युझुरू हान्यू आला, वय सतरा. ११ मार्च २०११ च्या भूकंपावेळी तो सेंदाईच्या रिंकवर सराव करत होता. पायात स्केट असतानाच बाहेर पळाला. रिंक बंद पडली, तेव्हा ठिकठिकाणच्या शोंमध्ये भाग घेऊन त्यानं सराव टिकवला. टोरंटो निवडण्यामागं एक कारण फर्नांडेझच्या चौपट, म्हणजे हवेत चार वेढ्यांच्या, उड्या हे होतं. प्रतिस्पर्धी जिथं शिकतो तिथंच जाऊन शिकायचं, हे त्यानं स्वतःहून ठरवलं होतं. माझ्या क्लासमधल्या आईला जी गोष्ट धोक्याची वाटली, तीच या मुलाला हवी होती.

मग हे चाललं कसं? जेवढं नक्की माहीत आहे तेवढ्यावरून मला दिसलेली मांडणी अशी.

पायाभूत काम सामाईक होतं. ट्रेसी विल्सन ही ऑर्सर यांची सहकारी; १९८८ च्या कॅलगरीतच तिनं रॉब मॅकॉलबरोबर आइस डान्सचं कांस्य घेतलं होतं. ती तिथं सगळ्यांना एकत्र घेऊन स्ट्रोकिंगचा वर्ग चालवते. गुडघा किती वाकवायचा, एज किती खोल धरायची, एका ढकलीत किती अंतर तोडायचं, एवढंच त्यात चालतं. विश्वविजेताही त्यात असतो आणि चौदा वर्षांचं पोरही. तालमीत हिंद केसरी झालेला मल्लसुद्धा पहाटे इतरांबरोबर जोर-बैठका मारतो, त्याला वेगळी फळी मिळत नाही. तेच हे.

शिखराचं काम मात्र वेगळं. दोघांची गाणी वेगळी, कार्यक्रमाची घडण वेगळी, उड्यांचा क्रम वेगळा. उड्यांसाठी गिस्लँ ब्रियाँसारखा स्वतंत्र प्रशिक्षक होता. म्हणजे ऑर्सर यांनी सगळं स्वतःच्या हातात ठेवलं नाही. ज्या माणसाच्या नावावर तिप्पट ॲक्सेल आहे, त्यानं उड्यांसाठी दुसऱ्याचे डोळे मागून घेणं, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. विजेता शिकवायला उभा राहिला की त्याचं स्वतःचं शरीर मध्ये येतं. "मी असं करत होतो" हे वाक्य तोंडात येतं, आणि समोरच्याचं शरीर तसं नसतं. माझ्या बाबतीत ते किती वेळा झालंय, हे माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना विचारावं.

निकाल बघा. २०१४ ते २०१७ या चारही वर्षांत पुरुषांचं जागतिक विजेतेपद याच रिंकमध्ये आलं. २०१४ ला हान्यू, २०१५ आणि २०१६ ला फर्नांडेझ, २०१७ ला पुन्हा हान्यू. २०१४ आणि २०१८ ची दोन्ही ऑलिम्पिक सुवर्णं हान्यूची. अशी लागोपाठ दोन सुवर्णं डिक बटननं १९४८ आणि १९५२ मध्ये घेतली होती, त्यानंतर पुरुषांत हे कुणालाच साधलं नव्हतं. फर्नांडेझ सलग सात वेळा युरोपचा विजेता झाला. यातला एक पुढं गेला आणि दुसरा मागं पडला, असं झालंच नाही.

जिथं ठेच लागली

सोची ऑलिम्पिक, फेब्रुवारी २०१४. हान्यूनं लघु फेरीत १०१.४५ गुण घेतले. मुक्त फेरीत तो दोनदा पडला, तरी २८०.०९ वर जिंकला. पॅट्रिक चॅन दुसरा. फर्नांडेझ लघु फेरीनंतर तिसरा होता, शेवटी चौथा आला. कांस्य घेणारा कझाकस्तानचा डेनिस टेन २५५.१० वर, फर्नांडेझ २५३.९२ वर. फरक १.१८ गुणांचा. आणि फर्नांडेझनं अखेरीला केलेली साल्कोव नावाची एक तिप्पट उडी नियमात न बसल्यामुळं शून्य धरली गेली. आधी एक चौपट उडी तिपटीवर आली, त्यामुळं पुढचा हिशेब बदलला, आणि दमलेल्या शरीरानं सरावातली ठरलेली उडी मारून टाकली.

या एका प्रसंगावर मी मुलींबरोबर सबंध एक तास घालवला. खेळाडूला उडी चुकल्यावर गणित करता येत नाही, श्वास पुरत नसतो. म्हणून "ही चुकली तर ती करायची" हे आधीच अंगात मुरवावं लागतं, आणि ते प्रशिक्षकाचं काम आहे. त्या दिवशी ऑर्सर यांच्या एका हाताला सुवर्ण होतं आणि दुसऱ्या हाताला कांस्य हुकलेला मुलगा. १९८८ चं कॅलगरी त्यांना आठवलं नसेल, हे मला शक्य वाटत नाही.

दुसरा प्रसंग मला आजही पटत नाही. नोव्हेंबर २०१४, शांघाय. स्पर्धेआधीच्या सहा मिनिटांच्या वॉर्म-अपमध्ये हान्यू आणि चीनचा हान यान भरधाव एकमेकांवर आदळले. हान्यूच्या डोक्याला आणि हनुवटीला जखम झाली. पट्टी बांधून तो पुन्हा बर्फावर उतरला, कार्यक्रमात पाच वेळा पडला, आणि रौप्य घेतलं. लोकांनी त्याचं धैर्य वाखाणलं. डोक्याला मार लागलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला त्या संध्याकाळी बर्फावर जाऊ द्यायला नको होतं, असं माझं ठाम मत आहे. खेळाडू हट्ट करणारच. नाही म्हणायला कठड्याशी कुणीतरी मोठं माणूस असतं ते यासाठीच. ऑर्सर यांच्याबद्दल मला वाटणारा आदर या मतामुळं कमी होत नाही, पण त्यांची ही गोष्ट मी उचलणार नाही. माझ्याकडं डोकं आपटलं की तो दिवस संपला, मग समोर राज्य स्पर्धा असली तरी.

आणि बोस्टन, २०१६. लघु फेरीत हान्यू ११०.५६, फर्नांडेझ ९८.५२. बारा गुणांची आघाडी म्हणजे निकाल लागल्यातच जमा. मुक्त फेरीत फर्नांडेझनं २१६.४१ गुण घेतले आणि एकूण ३१४.९३ वर विश्वविजेतेपद राखलं, हान्यू २९५.१७ वर दुसरा. दोघांच्या वेळी कठड्याशी उभे होते ऑर्सर. एकाला सोडून दुसऱ्याजवळ जायला मध्ये फार तर काही मिनिटं. दोन वर्षांनी प्योंगचँगला तर ते वेगवेगळ्या देशांची जाकिटं बदलत कठड्याशी येत होते. तिथं हान्यू नोव्हेंबरातल्या घोट्याच्या दुखापतीनंतर थेट ऑलिम्पिकलाच उतरला आणि ३१७.८५ वर जिंकला, शोमा उनो दुसरा, आणि फर्नांडेझला अखेर ते कांस्य मिळालं. निकालानंतर हान्यू आणि फर्नांडेझ एकमेकांच्या गळ्यात पडून रडले.

तालीम काय सांगते

तात्यांना मी हे सगळं सांगितलं. हिंद केसरी गणपतराव आंदळकरांना त्यांनी मोतीबाग तालमीत शिकवताना पाहिलं होतं. आंदळकर १९६० चे हिंद केसरी, १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत ग्रीको-रोमनचं सुवर्ण आणि फ्रीस्टाइलचं रौप्य घेतलेले. गदा घेतलेला मल्ल वस्ताद होतो, ही गोष्ट कोल्हापूरला नवी नाही. तात्यांची शंका वेगळीच होती.

"जोर एकत्र करतील, ते बरोबर हाय. पण एका वस्तादाच्या दोन पोरांची कुस्ती मैदानात लावत नाहीत."

ते खरं आहे. गुरुबंधूंना खासबागेत एकमेकांसमोर उभं करायचं नाही, हा जुना संकेत आहे. पण संकेत जोडी ठरवून लावायच्या मैदानाचा. गुणांच्या स्पर्धेत समोर कोण यावं हे वस्तादाच्या हातात राहत नाही. जानेवारी २०२० मध्ये बालेवाडीला महाराष्ट्र केसरीच्या अंतिम कुस्तीत हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके समोरासमोर आले. दोघंही काका पवारांच्या तालमीतले. सदगीर जिंकला आणि त्यानं शेळकेला खांद्यावर उचलून घेतलं. तात्यांनी ती कुस्ती टीव्हीवर बघितली होती. थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या दिवशी वस्तादानं कुणाकडं बघितलं असंल?"

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं.

आमची फरशी

दोघींना पुन्हा एका बॅचमध्ये घेण्याआधी मी दोन्ही घरच्यांना एकत्र बोलावलं. चहा झाला. मी आधी माझी चूक सांगितली, मग नियम सांगितले. पहिली वीस मिनिटं सगळ्या बॅचला एकच काम, एज आणि ढकली, त्यात कुणी पुढं-मागं नाही. त्यानंतर प्रत्येकीचा कोपरा वेगळा, गाणं वेगळं, उड्यांचा क्रम वेगळा. उड्या बघायला आठवड्यातून एक दिवस माझ्याऐवजी माझी जुनी विद्यार्थिनी येणार. आणि कठड्याशी उभं राहून दुसऱ्याच्या मुलीच्या चुका कुणी मोजायच्या नाहीत.

"आणि स्पर्धेच्या दिवशी तुम्ही कुणाच्या बाजूला?" त्याच आईनं विचारलं.

"जिचा नंबर पुकारलाय तिच्या, ताई. ती उतरली की पुढच्या पोरीच्या."

जिल्ह्याला एक पहिली आली, एक तिसरी. तिसरी आलेलीनं दोन उड्या सोडल्या होत्या, पण सोचीच्या त्या तासानंतर पाठ केलेला पर्यायी क्रम तिनं न चुकता धरला. गुणपत्रिका मिळाल्यावर मी आधी तिच्याजवळ जाऊन बसलो. पहिलीला थोडं थांबावं लागलं. तिच्या वडिलांना ते आवडलं नाही आणि त्यांनी मला तसं स्पष्ट सांगितलं. त्यांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही.

फर्नांडेझनं जानेवारी २०१९ मध्ये मिन्स्कला सातवं युरोपियन विजेतेपद घेऊन स्पर्धा सोडली. पुढं साथीच्या काळात हान्यू जपानमध्ये एकटाच सराव करत राहिला. २०२२ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये चौपट ॲक्सेलचा प्रयत्न करून तो चौथा आला, आणि त्याच जुलैत त्यानंही स्पर्धा थांबवली.

माझ्या दोघींपैकी मोठी पुढच्या वर्षी वरच्या वयोगटात जाईल. धाकटीला तिच्या तोडीची कुणी या क्लासमध्ये नाही. सांगली आणि इचलकरंजीच्या दोन प्रशिक्षकांशी बोलणं चालू आहे. पावसाळ्यात आठवड्यातून एक दिवस त्यांच्या मुली आमच्या हॉलवर येतील का, एवढंच विचारलंय. एकानं होकार दिला आहे. दुसऱ्यांनी पालकांना विचारून सांगतो म्हटलंय.